आज सतरा का अठरा

माघ सरत आला की आमच्या कोल्हापुरातल्या कळंब्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत काळी राख येऊन पडते. तोडणीनंतर उसाचा पाला पेटवतात, त्याची ही राख वाऱ्यावर बसून कुठून कुठवर येते देव जाणे. दोरीवरचे कपडे, कुंड्या, कठडा, सगळीकडे बारीक काळ्या काड्या. बोट लावलं की त्यांची पूड होते आणि बोटाला चिकटून बसते. अव्वा, म्हणजे माझी आई, ती झाडता झाडता पेटवणाऱ्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करते. मी मात्र राख दिसली की आत धावते, खिडक्या लावते आणि लॅपटॉप फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवते. शेजारणी मला हसतात. हसू देत. धुळीनं माझं काय केलं ते त्यांना माहीत नाही.

हुपरीच्या घरात राहत होतो तेव्हा हा काळ म्हणजे आमचा हंगाम. ऊसवाल्यांचा संपत येतो तिथे चांदीवाल्यांचा भरात येतो, कारण पुढे लग्नसराई असते. गल्लीतून नुसतं चालत गेलं तरी दारादारातून डाख द्यायच्या बत्तीची सूसू ऐकू येते, चांदी उजळायच्या ॲसिडचा आंबट वास नाकात बसतो, आणि उंबऱ्याशी बसलेल्या सासवा-सुना गप्पा मारत मारत कड्या जोडताना दिसतात, हातांकडे न बघता. आमच्या घरी पैंजणं व्हायची. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पैंजणाची ख्याती एकच होती आणि ती बायका एकमेकींना सांगायच्या: ह्यात पायाचा केस अडकत नाही. ज्यांनी पैंजण घातलं आहे त्यांना ही केवढी गोष्ट आहे ते कळेल. बाकीच्यांनी घरातल्या बाईला विचारावं.

ह्याचं सगळं मर्म फाशात. फासा म्हणजे पैंजणाची दोन टोकं जिथे मिटतात ती शेवटची कडी. बाहेरून बघाल तर नुसता गुळगुळीत ठिपका. आत तार कशी वळली आहे हे कापल्याशिवाय दिसत नाही, आणि कापली की तारेतला ताण सुटतो, मग जे दिसतं ते खरं नसतं. नवा असताना कुठलाच फासा केस ओढत नाही. वर्ष-दोन वर्षं अंगावर वागवून तार सैलावली की ओढायला लागतो. आप्पांचा तेव्हाही ओढत नसे. आणि पुढे ओढणार की नाही हे ते वळवतानाच बघून सांगायचे. कड्या गल्लीतल्या कुणीही जोडाव्यात, फासा मात्र घरच्या कर्त्यानं, दाराकडे पाठ करून करायचा. आजोबांनी तसाच केला, आप्पांनी तसाच. कागदावर रेघ नाही, पट्टीनं माप नाही. जे काही होतं ते हातात होतं.

आणि आप्पांचे हात हलायला लागले.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. औषधानं आटोक्यात राहील, जाणार नाही, आणि पुढे पुढे आवाजही बारीक होत जाईल, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आप्पा तेव्हा बाहेर बाकावर उजवा हात डाव्या हातानं दाबून बसले होते, एखादं पोर गर्दीत सुटू नये म्हणून धरावं तसा. मी पुण्यात एका दागिन्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर थ्रीडी डिझाइनं करत होते. एसटीनं हुपरीला परत येता येता मी नोकरी सोडायचं ठरवून टाकलं. बेत साधा होता. आप्पांनी सांगायचं, मी स्क्रीनवर तार वळवत जायची. एकेक घाट फायलीत उतरवायचा, सगळ्यांत शेवटी फासा. हात गेले तरी घाट राहतील. पण हे सगळं आवाज आहे तोवर व्हायला हवं होतं.

आधी फोनवर बोलणं टिपून घ्यायचा प्रयत्न केला होता. फोन समोर धरला की आप्पा पोलिसांत जबाब द्यायला आल्यासारखे बोलायचे. "तार घ्यायची. वाकवायची. डाख द्यायचा." संपलं. कामाच्या पाटाशी बसून, डोळ्यांसमोर तार वळताना दिसली की मात्र त्यांची जीभ सुटायची. "तितं न्हाय, जरा अलीकडं. आता तिला ढिली सोड. सोड की, पळून जातीया काय?"

तर लॅपटॉप घेतला, तोही गेमिंगचा. मला खेळाची कणभर हौस नाही, पण थ्रीडीला जसं ग्राफिक्स कार्ड लागतं तसलं आमच्यासारख्यांना परवडेल असं फक्त ह्या पोराटोरांच्या यंत्रातच मिळतं. पाठीवर कसल्याशा जनावरानं ओरखडल्याची खूण, कीबोर्डखाली सात रंगांचे दिवे. अव्वानं ते दिवे बघितले आणि म्हणाली, "सुमे, कुनाच्या वरातीतनं उचलून आनलंस गं ह्ये?" आप्पांना मात्र तो आवडला. आमच्या घरात हत्याराची जागा पाटावर असते, कपाटात नाही. त्यांनी कारखान्यात, म्हणजे आमच्या खालच्या खोलीत, आपल्या शेजारी दुसरा पाट मांडला, त्यावर लॅपटॉप ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाले, "आता ह्योबी आपल्यातलाच." मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पहिल्यांदा स्क्रीन निळी पडली तेव्हा आप्पा अगदी रंगात होते. बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, आत्ता येतं. ते आलं, पण आप्पांचं बोलणं परत आलं नाही. त्यांना कुठपर्यंत सांगितलं ते आठवेना, आणि मला ते आठवून देता येईना, कारण ते शब्दांत नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माणूस कधीतरी शिंकतो म्हणून सोडून द्यावं अशातली ही गोष्ट नव्हती.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक खिडकी असते. यंत्राला दिवसभरात काय काय झालं ते तिथे ओळीनं लिहून ठेवलेलं असतं. एरवी तिकडे कुणी फिरकत नाही. मी मात्र तो सगळा हंगाम तिथेच राहिले. सतरा नंबरची नोंद पिवळ्या त्रिकोणाची: हार्डवेअरमध्ये चूक झाली होती, ती सुधारली आहे. अठरा नंबरची लाल: चूक झाली आहे आणि ती जीवघेणी आहे. कुठे झाली, ह्यावर काहीतरी मोघम. का झाली, ह्यावर एक अक्षर नाही. सतरा ढिगानं यायच्या, आणि त्यांच्या मागून एखादी अठरा आली की यंत्र आडवं. घरात ह्याची एक भाषाच होऊन गेली. अव्वा स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता विचारायची, "आज सतरा का अठरा?" आणि माझं लॅपटॉपचं झाकण आपटणं ऐकून काय ते ओळखायची.

'सुधारली आहे' ह्या शब्दांचा मला संताप यायचा. सुधारली आहेस ना, मग परत कशी येते? आणि सुधारलं काय ते तरी सांग. सकाळी गोळी घेतली की आप्पांचा हात तासाभरात शांत व्हायचा, सगळ्यांना वाटायचं बरं आहे, आणि दुपारी जेवताना आमटीची वाटी परत ताटावर वाजायची. मग मी जेवण अर्धं टाकून लॅपटॉपशी जाऊन बसायचे, जणू हे एक दुरुस्त केलं की ते दुसरंही होईल.

काय केलं नाही मी? ग्राफिक्सचे ड्रायव्हर काढले, घातले, जुने घातले, परत नवे घातले. वीज वाचवायचे सगळे पर्याय बंद केले. मदरबोर्डचं अपडेट केलं तेव्हा तर हुपरीची लाइट जाईल ह्या भीतीनं देव पाण्यात घालून बसले होते. तळाच्या छोट्या झाकणातून रॅमची पट्टी काढून पुसून बसवली. प्रोसेसरचा वेग कमी केला, मग तार इतकी हळू वळायला लागली की आप्पांना जांभया येऊ लागल्या. इंटरनेटवर ह्या चुकीच्या नावानं शोधलं की जगभरातली माणसं भेटायची. कुणीतरी लिहिलेलं असायचं, मला हे असं होतंय, मदत करा. त्याखाली रांगेनं: मलाही, मलाही, मलाही. आणि सगळ्यांत खाली तो पहिलाच माणूस येऊन सांगून गेलेला असायचा, सुटला प्रश्न, धन्यवाद. कसा सुटला? ते सांगायचं त्याला सुचलं नव्हतं. अशा माणसाला भर चौकात उभं करून विचारावं असं मला अजूनही वाटतं.

कोल्हापूरला राजारामपुरीत रफिकभाईंचं दुरुस्तीचं दुकान होतं. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. पहिल्या खेपेला म्हणाले, "ताई, ह्याला काय धाड भरलीया? विंडोज मारून देतो, पळतंय बघा घोड्यावानी." त्यांच्या दुकानात तो दिवसभर घोड्यासारखाच पळाला. घरी आणून पाटावर ठेवला आणि संध्याकाळच्या आत अठरा. दुसऱ्या खेपेला त्यांनी रॅम बदलली. तिसऱ्या खेपेला टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "हितं कसा चालतोय मग ह्यो? तुमच्या घरातच कायतरी हाय बगा. वास्तू बिस्तू दावून घ्या की." मी हसले, पण हसू खरं नव्हतं. हुपरीच्या एसटीत खिडकीशी बसून लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेतली होती आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग पुढे सरकत नव्हती. मला तिथेच रडू आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोन गेलं गं बाळ?" मी मान हलवली. त्यांनी त्याचा काय अर्थ घेतला कुणास ठाऊक, पण हुपरी येईपर्यंत त्यांचा हात माझ्या पाठीवर होता.

ह्या सगळ्यात आप्पा काय बघत होते ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एका सकाळी ते कारखान्यात आलेच नाहीत. बाहेर कट्ट्यावर बसून राहिले. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "मी न्हाय येत. मी आलो की बंद पडतंय ते."

"आप्पा, काहीतरीच काय."

"काहीतरी न्हाय. मी बघतोय की. सकाळी तू एकटी असतीस, चालतंय. मी येऊन बसलो की झालं त्येचं काम. माझ्या हातातला जीव गेलाय सुमा. हत्याराला कळतंय त्ये."

ते रागानं बोलले असते तर मी भांडले असते. ते अगदी शांतपणे, हवापाण्याचं सांगावं तसं बोलले. मग मी एकटीच आत जाऊन बसले आणि मनातल्या मनात यंत्राला म्हटलं, आता पड बंद. आत्ता पड, म्हणजे मला त्यांना बोलावून दाखवता येईल. तो बंद पडला नाही. सबंध दिवस सुरळीत चालला, एकसुद्धा सतरा आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आप्पा कट्ट्यावरून विचारायचे, "चालतंय न्हवं?" आणि मी खोटं बोलू शकत नव्हते. जन्मात मला चालू यंत्राचा इतका तिरस्कार वाटला नव्हता.

मग मी परत त्या नोंदी उघडल्या. ह्या वेळी चूक शोधायला नाही. मला एक असा दिवस हवा होता की आप्पा दिवसभर माझ्याजवळ बसले होते आणि तरी काही झालं नव्हतं. एक मिळाला असता तरी पुरे होता. खाली खाली सरकत गेले, पिवळे त्रिकोण, पिवळे त्रिकोण, लाल, पिवळे, आणि मध्येच एक सबंध दिवस कोरा. त्याच्या महिनाभर मागे आणखी एक. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं तर दोन्ही दिवशी अमावस्या.

आमच्या गल्लीत अमावस्येला बत्ती पेटत नाही. कुणी करत नाही म्हणून कुणीच करत नाही. त्यातला अलीकडचा दिवस मला लख्ख आठवला. काम बंद म्हणून आप्पा माझ्याजवळच लोडाला टेकून शेंगा खात बसले होते, दिवसभर बोलत होते. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि डोक्यावर पंखा फिरत होता.

पंखा. आमच्यात काम सुरू झालं की पंखा बंद करतात आणि खिडक्या लावून घेतात. कानशीनं उडालेली चांदी पिठासारखी बारीक असते. वारा लागला तर ती रस्त्यावर जाईल. संध्याकाळी जमीन झाडून तो कचरा डब्यात भरून ठेवतात, वर्षाकाठी तो आटवला की त्यातनं चांदी निघते. जन्मापासून मी हे बघत आले, त्यामुळे मला ते दिसतच नव्हतं. आप्पा येऊन बसल्याशिवाय माझा चुलतभाऊ कानशीला हात लावत नसे; ते आले की काम सुरू, काम सुरू की दारंखिडक्या बंद. त्या कोंडलेल्या, तापलेल्या खोलीत एकच पंखा चालू राहायचा. तो माझ्या लॅपटॉपच्या पोटात होता.

मी लॅपटॉप उलटा करून आप्पांच्या बारीक पेचकसानं सबंध तळ उघडला. पंख्याच्या पात्यांवर, तांब्याच्या नळ्यांवर, बोर्डाच्या कडांना करडा थर बसला होता. बोटावर घेऊन चोळला, बोट चमकलं. हुपरीतल्या लेकराला सांगावं लागत नाही ती कसली चमक ते. वीज वाहून नेण्यात जिचा हात कुणी धरत नाही ती वस्तू आम्ही त्याला रोज मूठमूठ खाऊ घालत होतो. सगळ्या चुकांचं मूळ तेवढंच, असं मी आजही छातीठोक सांगणार नाही. पण मला तेवढं पुरलं. मी उघडा लॅपटॉप तसाच दोन्ही हातांत धरून कट्ट्यावर गेले.

"आप्पा, तुम्ही नव्हता. हे बघा."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येत नाही, पण कित्येक दिवसांत ते त्यांच्या तोंडावर नव्हतं. मग उठले, आतून पितळी ताट आणि मऊ कुंचला आणला आणि मला म्हणाले, "भाईर नको फुकूस. घरची हाय ती." त्यांचा हात हलतच होता. कुंचला झाडायला तो हलणारा हात बरा पडला. ताटात चिमूटभर पूड जमली, ती त्यांनी झाडणीच्या डब्यात रिकामी केली. अव्वा दारात उभी राहून पोट धरून हसत होती. त्या हंगामातला माझ्या लक्षात राहिलेला सुखाचा दिवस तो एवढाच.

लॅपटॉप वर माडीवर नेला. स्वच्छ खोली, टेबल, खुर्ची, खिडकीला जाळी. आप्पा हातपाय धुऊन, धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून वर आले आणि पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेला बसले. स्क्रीनवर तार तयार होती. ते बघत राहिले.

"आप्पा, सांगा ना. इथून कशी न्यायची?"

त्यांचा हात मांडीवरून उचलून हवेत काहीतरी धरायला गेला आणि परत मांडीवर पडला. "हितं मला काय सुदरंना," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तसंच. त्याच्या पुढच्या दिवशी तसंच. खाली कानस चालू असली, बत्तीचा आवाज कानात असला, पाटाची कड गुडघ्याला लागत असली की त्यांना घाट आठवायचा. वर नोंदी कोऱ्या होत्या आणि फाइलही कोरीच होती. मी रफिकभाईंना फोन करून चुकीचं मूळ सापडल्याचं सांगितलं तेव्हा ते फोनवर ओरडलेच, "आता कायम वरच ठेवा त्येला, खाली नेशीला तर मरंल." मी व्हय म्हटलं. फोन ठेवला, लॅपटॉप उचलला आणि खाली नेला.

जाळ्या, कापड, काय काय लावून बघितलं. गुदमरून तो आणखीच तापायचा. शेवटी सगळं काढून टाकलं. यंत्र मरणार आहे हे मला ठाऊक होतं, फक्त किती काम करून मरतंय एवढाच सवाल होता. दर थोड्या वेळानं फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, निळी स्क्रीन आली की परत चालू करायचा. आप्पांनीही ते आता मनावर घेणं सोडलं होतं. "पडलं व्हय? असू दे. लाव परत," म्हणायचे आणि तार जिथे सुटली होती तिथून धरून बसायचे. मी त्यांना हात जोडून म्हटलं, आप्पा, आधी फासा सांगा. बाकी राहिलं तर राहिलं.

"फासा शेवटी असतोय."

"पण यंत्राचा भरवसा नाही."

"न्हाय तर न्हाय. आदी फासा करून कुनी नग केलाय व्हय? कड्या बघितल्याबिगार फासा कुठनं सुचंल?"

मी चिडले, रुसले, अव्वाला मध्ये घातलं. काही उपयोग झाला नाही. त्यांच्या दृष्टीनं तो हट्ट नव्हताच. छप्पर आधी आणि भिंती मग, असं मी काहीतरी मागत होते. त्यांचं बरोबर होतं हे मला कळत होतं आणि तरी मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. एकेक घाट उतरत गेला. त्यांचा आवाज रोज थोडा खाली जात होता, मी पाट रोज थोडा जवळ सरकवत होते.

फाशाला हात घातला तेव्हा उन्हं तापायला लागली होती. आप्पांनी सवयीनं दाराकडे पाठ केली, मलाही करायला लावली. तार पहिल्या वळणातून गेली. दुसऱ्यातून गेली. "आता हितं तिला वाटलं पायजे की सुटली," ते म्हणाले, "आनि मग धरायची." मी धरली. फाइल जतन करायला बटण दाबलं आणि त्याच क्षणी स्क्रीन काळी झाली. निळी नाही, काळी. पंखा थांबला. कीबोर्डखालचे सातही रंग विझले. मी बटण दाबून धरलं, सोडलं, परत धरलं. पुढे रफिकभाईंनी त्याची डिस्क काढून वाचली. सगळ्या फायली निघाल्या. फाशाची तेवढी एक उघडली तर आत काही नव्हतं, आणि ती पेनड्राइव्हवर घ्यायची वेळच आली नव्हती.

पण हे नंतरचं. त्या वेळी मी नुसतं म्हटलं, "आप्पा, गेलं."

"लाव परत."

"आता नाही लागायचं."

त्यांनी डब्यातून तारेचा एक तुकडा काढला, माझा हात ओढून तळव्यावर ठेवला, त्यावर चिमटा ठेवला. "मग तू वाकीव ती."

मी वाकवली. त्यांनी बघितलं. "चुकलं," म्हणाले. "परत."

मी परत वाकवली. "चुकलं."

कुठे चुकलं ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि मला दिसत नव्हतं. लग्नसराई येऊन गेली, पावसाळा आला. मी रोज एक तार घेऊन बसायचे आणि रोज एकच उत्तर मिळायचं. सुरुवातीला त्या शब्दानं जीव जायचा. नंतर नंतर त्यावरच दिवस निघायला लागला, कारण तो शब्द म्हणताना त्यांचा आवाज अजून फुटायचा.

त्यालाही आता काही हंगाम झाले. औषधपाण्याला बरं म्हणून आम्ही कळंब्याला आलो. हुपरीच्या कारखान्यात चुलतभाऊ काम करतो. माझ्याकडे नवा लॅपटॉप आहे, त्यात सतरा नाही की अठरा नाही. आप्पांचे घाट सगळे फायलीत आहेत, त्यांच्यावरून मशीनवर पैंजणं होतात, बायका हौसेनं घालतात. फासा बाजारातला लावतात. त्यात केस अडकतो.

आप्पांचा आवाज डॉक्टर म्हणाले होते तसाच गेला, आधी लांबच्या माणसांना ऐकू येईना, मग जवळच्यांना. माझ्यासाठी बरेच दिवस तो एक शब्द शिल्लक होता. मग तोही गेला, नुसती मान हलायची. आता मान तशीही हलतच असते, तेव्हा तिच्यावरून काही कळत नाही.

काल दुपारी मी त्यांच्यासमोर बसून तार वळवली. दुसऱ्या वळणानंतर ती हातातून सुटल्यासारखी झाली आणि मी धरली. हाताला काहीतरी निराळं लागलं, इतक्या वर्षांत लागलं नव्हतं ते. मी तो फासा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि तो पडू नये म्हणून खालून त्यांचा हात धरला. ते बघत राहिले. अव्वा मागे येऊन उभी राहिली होती. मी विचारलं, "आप्पा, चुकलं का?"

ते फाशाकडे बघत होते. जमला म्हणून गप्प आहेत की आता चूक दिसतच नाही म्हणून, हे सांगणारं दुसरं कुणी ह्या जगात नाही. मी त्यांच्या ओठांकडे बघत बसले, ते एकदा तरी चुकलं म्हणतील म्हणून.